बुरशी, विष आणि सुगंधी तेले

साठवणीतल्या धान्याला बुरशी लागली तर काय करावे, असे कोणत्याही घरात विचारून पाहा. थोडे ऊन दाखवा, चांगले दाणे वेचून घ्या, उरलेले जनावरांना घाला, असे उत्तर मिळेल. काटकसरीच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच वाटते. त्यात आता आणखी एका सल्ल्याची भर पडली आहे. डब्यात चार लवंगा टाकून ठेवा, लवंग नैसर्गिक बुरशीनाशक आहे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून विद्यार्थी मला हा प्रश्न नेहमी विचारतात. माझे उत्तर असे की, लवंगेविषयीचे म्हणणे खरे आहे, चार लवंगांविषयीचे खरे नाही, आणि ‘उरलेले जनावरांना घाला’ हे तर घातक आहे. असे का, ते समजण्यासाठी प्रथम बुरशीचीच नीट ओळख करून घेऊ.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. शेतात, खळ्यावर, पोत्यात, घराच्या भिंतीवर ते असतातच. त्यांना हवी असते ती ओल आणि ऊब. धान्यात पुरेसा ओलावा राहिला की बीजाणू रुजतो, त्यातून सूक्ष्म तंतू निघतात आणि ते दाण्यात शिरून आतले अन्न शोषू लागतात. आपल्या डोळ्यांना दिसतो तो हिरवा-काळा थर म्हणजे बुरशीला आलेले जणू पीक होय. तिची मुळे म्हणावीत असे तंतू तोवर दाण्याच्या आत केव्हाच पोहोचलेले असतात.

यांपैकी ॲस्परजिलस फ्लेव्हस ही पिवळसर हिरवी बुरशी विशेष कुप्रसिद्ध आहे. शेंगदाणा, मका, मिरची, खोबरे यांवर ती चांगली पोसते. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेता घेता संशोधक त्यांच्या खाद्यापर्यंत पोहोचले. ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत या बुरशीने तयार केलेले विष सापडले. बुरशीच्याच नावावरून त्या विषाला अफ्लाटॉक्सिन असे नाव मिळाले.

पक्ष्यांवरचे हे संकट आपल्या देशात माणसांवर आले ते 1974 साली. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांतील आदिवासी गावांत अवेळी पावसाने मक्याचे पीक भिजले. तेच धान्य साठवले गेले आणि मका हेच मुख्य अन्न असल्यामुळे तेच खाल्ले गेले. लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी साठू लागले. त्यांच्याबरोबर कुत्रीही आजारी पडली. शंभराहून अधिक माणसे दगावली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या मक्याची तपासणी केली, तेव्हा दर किलोत 6.25 ते 15.6 मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन आढळले. आज आपल्याकडे धान्यासाठी या विषाची कायदेशीर मर्यादा दर किलोला 15 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे त्या मक्यात या मर्यादेच्या सुमारे चारशे ते हजार पट विष होते.

एवढे विष एकदम पोटात गेले तर माणूस दगावतो. थोडे थोडे वर्षानुवर्षे जात राहिले तर यकृताचा कर्करोग होण्याची शक्यता वाढते, आणि ज्यांना ब प्रकारची कावीळ झालेली आहे त्यांच्या बाबतीत ती कितीतरी अधिक असते. हे विष रंगाने किंवा चवीने ओळखता येत नाही. नेहमीच्या शिजवण्याने किंवा भाजण्याने ते पूर्णपणे नाहीसे होत नाही. खराब दाणे वेचून टाकल्याने त्याचे प्रमाण घटते हे खरे, पण वरून धड दिसणाऱ्या दाण्यातही ते असू शकते. जनावरांना बुरशी लागलेली पेंड घातली तर त्याच विषाचे एक रूप दुधात उतरते. म्हणजे आपण उंबऱ्याबाहेर टाकलेले विष संध्याकाळी चरवीतून पुन्हा घरात येते!

आता सुगंधी तेलांकडे वळू. तिळाचे किंवा करडईचे तेल कागदावर सांडले तर डाग कायम राहतो. लवंगेच्या किंवा ओव्याच्या शुद्ध तेलाचा डाग काही वेळाने उडून जातो. म्हणून शास्त्रात यांना बाष्पनशील तेले म्हणतात. झाड ही तेले आपल्या स्वयंपाकासाठी तयार करीत नाही. झाडाला पळता येत नाही, हातपाय हलवता येत नाहीत. कीड, बुरशी आणि जंतू यांच्याशी त्याला जागच्या जागी लढावे लागते. त्यासाठी त्याने जी रासायनिक शस्त्रे निर्माण केली, त्यांतील काहींचा वास माणसाला आवडला एवढेच. लवंगेत युजेनॉल, ओव्यात थायमॉल, दालचिनीत सिनॅमल्डिहाइड आणि गवती चहात सिट्रल ही त्यांची प्रमुख द्रव्ये होत.

बुरशीवर ती कशी चालतात? बुरशीच्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे पातळ पटल असते. आत काय घ्यावे आणि बाहेर काय जाऊ द्यावे, हे त्या पटलावर अवलंबून असते. सुगंधी तेलातील रेणू स्वतः स्निग्धप्रिय असल्यामुळे ते या पटलात सहज घुसतात आणि त्याची घडी विसकटतात. मग पेशीतील क्षार आणि इतर द्रव्ये बाहेर झिरपू लागतात. हे पटल घट्ट ठेवण्यासाठी बुरशीला एर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य लागते. अनेक तेलांमुळे त्याची निर्मितीही कमी होते. असा दुहेरी मार बसला की बीजाणू रुजत नाही आणि तंतू वाढत नाहीत. विष तयार होण्याचे कामही मंदावते.

मोहरीची तऱ्हा थोडी निराळी आहे. कोरडी मोहरी हुंगली तर नाकाला काही जाणवत नाही. तीच पाणी घालून फेसली की डोळ्यांत पाणी येते. दाण्यात निरनिराळ्या कप्प्यांत ठेवलेले दोन पदार्थ, एक विकर आणि एक गंधकयुक्त द्रव्य, फेसताना एकत्र येतात आणि त्यांतून झोंबणारे बाष्प जन्माला येते. हे बाष्प बुरशीला मारक आहे. लोणच्यात फेसलेली मोहरी घालणाऱ्या आपल्या आजीला, आणि पलीकडच्या घरात ‘सासिवे’ वाटणाऱ्या अज्जीला, रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण अनुभव होता. अर्थात लोणचे टिकते त्यात मीठ, आंबटपणा आणि वरचा तेलाचा थर यांचा वाटा मोठा आहे, हेही विसरता कामा नये.

कोणते तेल किती प्रभावी आहे, हे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही पाहता येते. बटाट्याचा अर्क, साखर आणि अगर यांचे माध्यम तयार करावे. काही बशांत मोजून तेल मिसळावे, काहींत मिसळू नये. सर्व बशांच्या मध्यभागी बुरशीचा सारखाच ठिपका ठेवावा. आठवडाभराने वाढीचा व्यास मोजावा. बिनतेलाच्या बशीतील व्यासातून तेलाच्या बशीतील व्यास वजा करावा, बाकीला बिनतेलाच्या व्यासाने भागावे आणि शंभराने गुणावे. किती टक्के वाढ रोखली गेली ते कळते. मात्र विद्यार्थ्यांनी त्यासाठी ॲस्परजिलस फ्लेव्हस वापरू नये. पावावरची साधी बुरशी पुरे, आणि तीही प्राध्यापकांच्या देखरेखीखाली व बशा बंद ठेवूनच हाताळावी.

अशा प्रयोगांत चांगली तेले दर मिलिलिटर माध्यमाला साधारण एक मायक्रोलिटर किंवा त्याहूनही कमी प्रमाणात बुरशी थोपवतात. आकडा लहान दिसतो, पण हिशेब करून पाहू. हेच प्रमाण 50 लिटरच्या पिंपाला लावले तर 50 मिलिलिटर तेल लागेल. 100 ग्रॅम ओव्यातून सुमारे 3 मिलिलिटर तेल निघते असे धरले, तर एका पिंपामागे दीड किलोहून अधिक ओवा खर्ची पडला! शिवाय बशीतले माध्यम आणि पोत्यातले धान्य यांत फरक आहे. शेंगदाण्यासारख्या तेलकट दाण्यात सुगंधी तेल मुरून जाते आणि बुरशीच्या वाट्याला कमी येते. झाकण उघडले की बाष्प उडून जाते. चार लवंगांनी डबा का राखला जात नाही, याचे उत्तर या हिशेबात आहे.

मग हे संशोधन व्यर्थ म्हणावे काय? मुळीच नाही. बाष्प हळूहळू सुटावे म्हणून तेलाचे सूक्ष्म थेंब दुसऱ्या पदार्थाच्या आवरणात बंद करण्याचे प्रयत्न चालू आहेत. कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसॅन हे असे एक आवरण होय. बनारस हिंदू विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात या दिशेने पुष्कळ काम झाले आहे. जपानमध्ये मोहरीतल्या झोंबऱ्या द्रव्याचे बाष्प सोडणारी खाद्यपदार्थांची वेष्टनेही वापरात आली आहेत.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, असे समीकरण हल्ली रूढ झाले आहे. अफ्लाटॉक्सिनही नैसर्गिकच आहे! लवंगेचे शुद्ध तेल लहान मुलाच्या पोटात थोडेसे गेले तरी यकृताला गंभीर इजा होऊ शकते. तेव्हा बाटलीतले तेल अंदाजाने धान्यात ओतण्याचा प्रयोग कोणी घरी करू नये.

सुगंधी तेल हे पहारेकऱ्यासारखे आहे. चोर यायच्या आधी त्याचा उपयोग. विष एकदा तयार झाले की कितीही सुगंध दिला तरी ते धान्य निर्दोष होत नाही. उलट कुबट वास झाकला जातो आणि सावध करणारी एकमेव खूणही नाहीशी होते.

म्हणून पहिला उपाय अजूनही ऊन हाच आहे, आणि तेही बुरशी लागण्यापूर्वी. ज्वारी-मक्यातला ओलावा 12 टक्क्यांच्या आत आणि शेंगदाण्यातला 7 टक्क्यांच्या आसपास आला, की बुरशीचे फारसे चालत नाही. शेंग कानाशी हलवली असता दाणे खुळखुळले पाहिजेत, ज्वारीचा दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत. फुटलेले, कीड लागलेले दाणे साठवणीपूर्वीच वेगळे करावेत, कारण बुरशीला आत शिरायला तेवढी फट पुरते. आणि बुरशी लागलेले धान्य माणसाला नको, तसेच गाईलाही नको, कोंबडीलाही नको. ते पुरून टाकावे. त्यात पैसा जातो, जीव हळहळतो, हे खरे. पण बांसवाड्याच्या लोकांपुढे दुसरे धान्य नव्हते. आपल्यापैकी बहुतेकांपुढे ते आहे.