पॅकेट कुठवर पोचलं?

‘सर, व्हीपीएन कनेक्ट होत नाहीये.’ या तक्रारीमागे अगदी वेगवेगळे बिघाड असू शकतात. सर्व्हरचा पत्ताच सापडला नसेल, वाटेत फायरवॉलने अडवलं असेल, सर्व्हरने सर्टिफिकेट नाकारलं असेल, किंवा कनेक्शन होऊनही पलीकडचं काही उघडत नसेल. घरून काम करणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, त्यामुळे तो एवढंच सांगू शकतो. म्हणून ऑफिसचा सर्व्हर सांभाळताना कॉन्फिगरेशनला हात लावण्याआधी मी एकच गोष्ट शोधतो: त्याच्याकडून निघालेलं पॅकेट कुठवर पोचलं?

आमच्याकडे ओपनव्हीपीएन आहे. जेम्स योनान यांनी २००१ साली आणलेलं हे सॉफ्टवेअर आजही असंख्य कार्यालयांत चालतं. त्याचा नेहमीचा पोर्ट यूडीपी ११९४. कनेक्शन फसलं की लॅपटॉपवर संदेश येतो, की ६० सेकंदांत टीएलएसची बोलणी पूर्ण झाली नाहीत, नेटवर्क तपासा. तो वाचून माणूस राउटर बंद-चालू करत बसतो. पण पॅकेट पोचलंच नाही तरी हाच संदेश येतो, आणि पोचल्यावर सर्व्हरने नाकारलं तरी हाच.

खरं काय ते सर्व्हरवर दिसतं. मी टर्मिनलवर येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं टीसीपीडम्प ११९४ वर लावतो आणि फोनवरच्या माणसाला सांगतो, ‘आता कनेक्ट दाबा.’ पडद्यावर एकही ओळ उमटली नाही, तर अडचण सर्व्हरच्या अलीकडे आहे: चुकीचा डीएनएस, क्लाउडच्या नियमांत बंद राहिलेला पोर्ट, किंवा यूडीपी अडवणारं हॉटेलचं वाय-फाय. ओळी येताहेत पण उत्तर जात नाही, तर सर्व्हिस बंद असेल किंवा सर्व्हरचीच फायरवॉल पॅकेट टाकून देत असेल. इथे अनेक जण फसतात, कारण टीसीपीडम्पला येणारं पॅकेट फायरवॉलच्या आधी दिसतं. ते दिसलं म्हणजे आत घेतलं गेलं, असं नाही. दोन्ही बाजूंनी ओळी येऊ लागल्या, तर वाट मोकळी आहे. मग ओळखीचा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं.

एकदा सगळेच एकदम व्हीपीएनबाहेर पडले. आदल्या संध्याकाळपर्यंत सुरळीत होतं, कुणी काही बदललं नव्हतं. सर्टिफिकेटं वैध होती, घड्याळ बरोबर होतं. लॉगमध्ये मात्र प्रत्येक प्रयत्नाखाली तीच ओळ होती: रद्द सर्टिफिकेटांच्या यादीची मुदत संपली. नोकरी सोडलेल्यांना आत येऊ द्यायचं नाही म्हणून ठेवलेली ही यादी, सर्टिफिकेटं बनवणारं ईझी-आरएसए एरवी १८० दिवसांसाठीच बनवतं. ती शिळी झाली की ओपनव्हीपीएन सरसकट सगळ्यांनाच नाकारतं. नवी यादी बनवून जागेवर ठेवली, ती वाचण्याची परवानगी सर्व्हिसला आहे ना ते पाहिलं, आणि लोक आत येऊ लागले.

कनेक्शन झाल्यावरचे बिघाड जास्त चकवतात. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१ या मालिकेत असेल आणि घरच्या राउटरचंही तेच असेल, तर ऑफिसचा फाइल सर्व्हर घरातच आहे असं लॅपटॉप समजतो आणि पॅकेट व्हीपीएनच्या बोगद्यात टाकतच नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून चालतं, घरच्या वाय-फायवरून नाही, असं कुणी म्हणालं की मी आधी हेच बघतो. ऑफिसला १०.८७.४० सारखी सहसा कुणी न वापरलेली मालिका देणं हा यावरचा कायमचा उपाय.

दुसरा चकवा आकाराचा. लॉगिन होतं, छोटा मजकूर येतो, मोठी फाइल मात्र अडकून बसते. इथरनेटवरून एका वेळी १५०० बाइट जातात. घरचं इंटरनेट पीपीपीओई असेल तर त्यातले ८ गेले. व्हीपीएन प्रत्येक पॅकेट आणखी एका लिफाफ्यात घालतं, त्या लिफाफ्याचंही माप धरावं लागतं. वायरगार्ड हे दुसरं व्हीपीएन म्हणूनच सहसा १४२० धरून चालतं. ‘पॅकेट मोठं आहे’ हा परतीचा निरोप वाटेत कुणी अडवला, तर मोठी पॅकेटं गुपचूप नाहीशी होतात. तुकडे न करण्याची अट घालून पिंगचा आकार कमी कमी करत गेलं की नेमकी मर्यादा सापडते.

हे काम करणाऱ्यांना माझं सांगणं आहे: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि रद्द सर्टिफिकेटांच्या यादीची मुदत आजच कॅलेंडरमध्ये टाका. आणि वापरणाऱ्यांनो, फोन करताना तीन गोष्टी सांगा: इंटरनेट कुठलं आहे, नेमके किती वाजता प्रयत्न केला, आणि कनेक्शनच होत नाही की होऊन काही उघडत नाही. एवढं कळलं तर अर्धा शोध फोनवरच संपतो.