महाकाय यंत्रमानवाचा काथ्याकूट

गंडम पाण्यात पडला तर बुडेल की तरंगेल?

प्रश्न पोरकट वाटतो, पण असल्या प्रश्नांवर जपानमध्ये पुस्तकं निघाली आहेत आणि ती पुस्तकं कशी चुकली हे सांगणारी पुस्तकंही निघाली आहेत. गणित तसं सातवी-आठवीचं. १९७९ च्या ‘मोबाइल सूट गंडम’ या ॲनिमे मालिकेतला नायक-यंत्रमानव १८ मीटर उंच आहे. नुसत्या सांगाड्याचं वजन ४३.४ टन, इंधन-शस्त्रांसह ६० टन. आता पावणेदोन मीटर उंचीचा, सत्तर किलोचा माणूस घ्या आणि तो त्याच प्रमाणात १८ मीटरपर्यंत वाढवा. उंची दहापटीहून थोडी जास्त वाढते, पण घनफळ वाढतं हजारपटीहून अधिक. म्हणजे हाडामांसाचा गंडमसुद्धा ७५ टनांच्या आसपास भरायला हवा. माणसाच्या शरीराची घनता जवळपास पाण्याइतकीच असते. मग चिलखत, तोफा आणि अणुभट्टी पोटात घेऊन फिरणारा हा गडी त्याहून हलका? उत्तर उघड आहे. तरंगेल.

गंडमचं तरी बरं म्हणायचं. १९७६ च्या ‘कॉम्बॅटलर व्ही’चं शीर्षकगीतच त्याची उंची ५७ मीटर आणि वजन ५५० टन असल्याचं ठणकावून सांगतं. वरचाच हिशेब लावला तर त्याचं वजन अडीच हजार टनांच्या घरात जायला हवं. १९७२ चा ‘माझिंगर झेड’ १८ मीटर उंच आणि वजन अवघं २० टन. शिकवणी वर्ग चालवणारे रिकाओ यानागिता यांनी १९९६ मध्ये ‘कूसो कागाकु दोकुहोन’ हे पुस्तक काढलं, ते असल्याच आकड्यांची पिसं काढत. पुस्तक तुफान खपलं. पुढे विज्ञानकथालेखक हिरोशी यामामोतो यांनी यानागितांच्या गणितात आणि गृहीतकांत कुठे कुठे गफलत आहे हे दाखवणारं आख्खं पुस्तक २००२ मध्ये लिहिलं. कल्पनेतल्या यंत्राच्या वजनावरून दोन मोठी माणसं छापील पानांवर भांडत होती आणि वाचक दोन्ही पुस्तकं विकत घेत होते.

या भांडणात मी कोणाच्या बाजूचा, हे आधीच सांगून टाकतो. ‘हे शक्य नाही’ असं सिद्ध करण्यात फारसं कसब नाही. १८ मीटरचा दोन पायांचा यंत्रमानव शक्य नाही हे गॅलिलिओच्या १६३८ च्या ग्रंथावरूनच कळतं. आकार वाढला की ताकद क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते आणि वजन घनफळाच्या, त्यामुळे मोठं जनावर लहानाची नुसती फुगवलेली प्रत असू शकत नाही. खरी मजा येते ती ‘समजा आहे, तर मग पुढे काय?’ असं विचारणाऱ्यांच्या वादात. त्यांचा एक अलिखित नियम असतो. लेखकाला एक मोठी थाप माफ. तिच्यावर बाकीचा जो डोलारा उभा राहील, त्याचा हिशेब मात्र पैशापैशाला जुळला पाहिजे.

गंडमची माफ केलेली थाप म्हणजे मिनोव्हस्की कण.

ती का मारावी लागली, हे समजून घेण्यासारखं आहे. मालिकेचे दिग्दर्शक योशियुकी तोमिनो आणि त्यांच्या मंडळींसमोर अमेरिकी लेखक रॉबर्ट हाइनलाइनची ‘स्टारशिप ट्रूपर्स’ ही १९५९ ची कादंबरी होती. तिच्यातले सैनिक अंगावर यांत्रिक चिलखत चढवून लढतात. जपानी आवृत्तीसाठी ‘स्टुडिओ नुए’च्या चित्रकारांनी त्या चिलखताचं जे चित्र काढलं, ते त्या काळच्या विज्ञानकथाप्रेमींच्या डोक्यात घर करून बसलं होतं. पण चिलखत म्हणजे माणसापेक्षा थोडं मोठं. मालिकेला पैसा पुरवणारी क्लोव्हर ही खेळण्यांची कंपनी, आणि तिला विकायचे होते महाकाय यंत्रमानव. चिलखत वाढत वाढत १८ मीटरवर गेलं. आता पंचाईत अशी की ज्या युगात माणूस अवकाशात वसाहती करून राहतो, त्या युगात रडार आणि क्षेपणास्त्रं असणारच. शेकडो किलोमीटरवरून बटण दाबून शत्रू उडवता येत असेल, तर हातात तलवार घेऊन समोर जाणाऱ्या यंत्रमानवाला विचारतो कोण?

म्हणून हा कण. तो हवेत किंवा पोकळीत पसरला की रेडिओलहरी अडतात, रडार आंधळं होतं, क्षेपणास्त्राला दिशा सापडत नाही. युद्ध पुन्हा नजरेच्या टप्प्यात येतं आणि नजरेच्या टप्प्यात हातपाय असलेलं यंत्र कामाचं ठरतं. आधी लढाईचं दृश्य ठरलं आणि मग त्याला शोभेल असं भौतिकशास्त्र शोधलं गेलं. ही मखलाशीच आहे, पण अव्वल दर्जाची.

चाहते अर्थातच गप्प बसले नाहीत. रेडिओ बंद झाला, ठीक. पण उष्णतेचा माग काढणारं क्षेपणास्त्र का चालू नये? त्यावर उत्तर आलं की कणांची घनता वाढली की बारीक इलेक्ट्रॉनिक मंडलंही बिघडतात. मग गंडमचा स्वतःचा संगणक कसा चालतो? त्याला संरक्षक कवच आहे. तेच कवच क्षेपणास्त्राला का नाही? कारण ते जड आणि महाग आहे, आणि एकदाच फुटायच्या वस्तूवर इतका खर्च कोण करेल? वाद भौतिकशास्त्रातून निघून थेट लष्कराच्या खरेदीखात्यात पोहोचतो. एका थापेला विचारलेल्या प्रश्नांतून दुसरी थाप निघत नाही, पोटनियम निघतात. मला यातली शिस्त आवडते.

ही उत्तरं देणारे कोण, हा भाग त्याहून रंजक आहे. मूळ मालिका पहिल्या फेरीत चालली नाही. ५२ भाग ठरले होते, ४३ वर जानेवारी १९८० मध्ये गाशा गुंडाळला. जीव आला तो पुनःप्रक्षेपणांमुळे, त्याच वर्षी जुलैत बांदाईने बाजारात आणलेल्या ३०० येनच्या प्लास्टिक जुळणी-संचांमुळे आणि १९८१-८२ च्या तीन चित्रपटांमुळे. १९८१ मध्येच ‘आउट’ मासिकाने ‘गंडम सेंच्युरी’ नावाचा विशेषांक काढला. विज्ञानकथा आणि यंत्ररचना यांचं वेड असलेल्या तरुण लेखकांनी त्यात मालिकेने मोकळ्या सोडलेल्या जागा भरून काढल्या. त्यांतलं बरंचसं पुढे निर्मात्यांनीच स्वीकारलं. चाहत्यांचा काथ्याकूट अधिकृत तंत्रज्ञान होऊन बसला.

त्यातला सर्वांत सुरेख नमुना म्हणजे ‘अँबॅक’. अंतराळात पाय कशाला, हा गंडमवरचा सगळ्यात जुना आक्षेप. मालिकेनेही तो हसून मान्य केलेला आहे. शेवटाकडे शत्रूपक्षाचा झिओंग हा पाय नसलेला प्रचंड यंत्रमानव येतो. त्याच्या पायांबद्दल विचारणा झाल्यावर एक तंत्रज्ञ सांगतो की पाय नुसते शोभेचे असतात, वरच्या साहेबलोकांना ते कळत नाही. कोणत्याही कारखान्यातल्या फिटरला हा संवाद आपलाच वाटावा.

‘गंडम सेंच्युरी’वाल्यांनी या पायांना नोकरी मिळवून दिली. पोकळीत तरंगणाऱ्या वस्तूला बाहेरून कोणी धक्का दिला नाही, तर तिचा एकूण कोनीय संवेग बदलत नाही. म्हणजे हात एका बाजूला फिरवला की धड उलट्या बाजूला फिरतं. पण हात त्याच वाटेने परत आणला की धडही होतं तिथे परत. मग करायचं काय? हात लांब ताणून फिरवायचा आणि परत आणताना दुमडून छातीशी घ्यायचा. ताणलेल्या हाताने धड जास्त वळतं, दुमडलेल्या हाताने कमी. प्रत्येक फेरीत थोडा फरक शिल्लक राहतो आणि यंत्र इंधनाचा थेंबही न जाळता तोंड फिरवतं. उलटं सोडलेलं मांजर पायांवर पडतं ते याच तत्त्वावर. एत्येन-ज्यूल मारे यांनी १८९४ मध्ये त्याची एकामागून एक छायाचित्रं घेतली आणि भल्याभल्यांना कोड्यात टाकलं. हात-पाय जितके जड आणि लांब, तितकं वळण मोठं. म्हणून पाय हवेत. या युक्तीचंच नाव अँबॅक.

युक्तिवाद भौतिकशास्त्राला धरून आहे, आणि तरीही मला पटत नाही. वळण्यासाठी लांब जड अवयवच कशाला? छातीत एक जड चाक बसवा आणि मोटरने फिरवा, धड उलटं वळेल. हबल दुर्बीण अशीच वळते, इस्रोचे उपग्रहही अशीच चाकं वापरून तोंड फिरवतात. पाय असण्याचं कारण सापडलं, पाय असणं अपरिहार्य मात्र ठरलं नाही. तंत्रज्ञाचं म्हणणं अजून उभं आहे.

दुसरा गाजलेला वाद तिप्पट वेगाचा. दुसऱ्याच भागात शत्रूचा सेनानी शार आपल्या लाल ‘झाकू’ यंत्रमानवातून चाल करून येतो आणि गंडमच्या जहाजावरचा ऑपरेटर ओरडतो की एक झाकू बाकीच्यांच्या तिप्पट वेगाने येतो आहे. नंतर तांत्रिक माहिती छापली गेली, तेव्हा शारच्या झाकूचा रेटा साध्या झाकूपेक्षा फक्त ३० टक्के जास्त निघाला. ३० टक्क्यांत तिप्पट कसं?

कोणी म्हणालं, शार वाटेतल्या जहाजांवर लाथा मारून उसळी घेतो. पण लाथांची तशी गरजच नाही, कारण प्रश्नातच गोची आहे. रस्त्यावरच्या मोटारीला हवेचा अडथळा असतो, म्हणून तिला कमाल वेग असतो. पोकळीत कमाल वेग नसतो, असतं फक्त त्वरण. जितका वेळ इंजिन चालू ठेवाल, तितका वेग वाढत राहणार. दीडपटीहून कमी रेट्याने तिप्पट वेग हवा असेल, तर इतरांपेक्षा साधारण २.३ पट वेळ इंजिन जाळत ठेवायचं, बस. इतर वैमानिक ते का करत नाहीत? कारण जितका वेग घेतला तितकाच नंतर मारावाही लागतो, आणि त्याला पुन्हा तेवढंच इंधन. परतीच्या इंधनाला हात घालणारा वैमानिक एक तर मूर्ख असतो, नाहीतर आपण चुकणार नाही याची खात्री असलेला. आकडे बरोबर लावले की हाती यंत्राऐवजी माणसाचा स्वभाव लागतो. या सगळ्या वादांतलं हे माझं सर्वांत लाडकं उत्तर.

शक्तीच्या आकड्यांची गंमत वेगळीच. गंडमच्या अणुभट्टीची क्षमता १,३८० किलोवॉट दिली आहे. आपल्या रेल्वेचं डब्ल्यूएपी-७ इंजिन ६,३५० अश्वशक्तीचं, म्हणजे गंडमच्या तिपटीहून जास्त ताकदीचं. राजधानी एक्सप्रेस ओढणाऱ्या इंजिनापुढे पृथ्वीचा तारणहार फिका पडतो. त्यात त्याच्या हातातल्या बीम रायफलची क्षमता १.९ मेगावॉट, म्हणजे बंदूक मालकापेक्षा बलवान. नाकापेक्षा मोती जड! यावर तोडगा असा की रायफलीची ऊर्जा जहाजावरच भरून दिलेली असते, म्हणूनच ती ठरावीक गोळ्यांनंतर संपते. हे मात्र कथेतही दिसतं, त्यामुळे चाहते समाधानाने मान डोलावतात.

प्रत्येक मालिका याच चालीने जात नाही. १९८२ च्या ‘मॅक्रॉस’मध्ये शत्रूच साधारण १० मीटर उंचीचे राक्षस आहेत, तेव्हा त्यांच्याशी हातघाईवर यायला तेवढीच यंत्रं लागणार. एका वाक्यात निकाल. १९९५ च्या ‘इव्हँगेलियन’मध्ये यंत्राला वीज पुरवणारी केबल तुटली की आतली बॅटरी पाच मिनिटं टिकते. हा तपशील नाट्य घडवण्यापुरता काटेकोर, पण त्याच यंत्राची उंची मात्र दृश्यागणिक बदलते. निर्मात्यांनी मोजपट्टी जाणूनबुजून बाजूला ठेवली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबोट’ लागायचा. एक पोरगा मनगटावरच्या घड्याळात हुकूम सोडायचा आणि रोबोट यायचा. त्याचं वजन विचारावं असं तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं असेल तर तो मुलगा पुढे नक्की इंजिनीअर झाला असणार. जपानी चाहते या जातकुळीला ‘सुपर रोबोट’ म्हणतात आणि गंडमच्या वळणाच्यांना ‘रिअल रोबोट’. हिशेबाची जबाबदारी फक्त दुसऱ्या गटावर.

कागदावरचा हिशेब लोखंडाने तपासण्याची वेळही येऊन गेली. योकोहामाच्या बंदरावर डिसेंबर २०२० ते मार्च २०२४ या काळात १८ मीटरचा हलणारा गंडम उभा होता. वजन सुमारे २५ टन, म्हणजे कथेतल्या रिकाम्या गंडमपेक्षाही पुष्कळ कमी. वजन वाचवायला बाहेरचं आवरण धातूऐवजी तंतुमिश्रित प्लास्टिकचं केलं होतं. तो हात उचलायचा, मान वळवायचा, गुडघा वाकवून पाऊल टाकल्यासारखं करायचा, पण सावकाश. खऱ्या चालीची त्याला मुभा नव्हती. कमरेला मागून एका भक्कम लोखंडी आधाराने धरलेलं होतं आणि शरीराचा भार त्या आधारावर होता, पायांवर नव्हे.

चालता चालता तो पडला असता तर? १८ मीटरचा ताठ खांब तोंडावर कोसळताना १० मीटरवरचा भाग ताशी ४५ किलोमीटरच्या पुढे जाऊन जमिनीवर आपटतो. गंडमच्या चालकाची जागा साधारण तिथेच, पोटाशी. ज्यांना आत माणूस बसवून यंत्र विकायचं आहे, त्यांनी हा हिशेब आधीच केलेला दिसतो. त्सुबामे इंडस्ट्रीजने २०२३ मध्ये ‘आर्काक्स’ दाखवला. उंची साडेचार मीटर, वजन साडेतीन टन, किंमत ४० कोटी येन. हात आहेत, बोटं आहेत, छातीत चालकाची खुर्ची आहे, पाय चार आहेत आणि प्रत्येकाखाली चाक आहे.