जोड तोडीस तोड आहे का?

हळवे भात पिवळे पडू लागले आणि दसरा जवळ आला, की जव्हार-मोखाड्याकडे कुस्त्यांची बोलणी सुरू होतात. जव्हारचे संस्थान १९४८ साली विलीन झाले, २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा निराळा निघाला, पण दसऱ्याची हौस काही गेली नाही. नाशिकच्या बाजूचा एखादा नावाजलेला पैलवान येणार अशी कुणकुण लागली, की पहिला प्रश्न निघतो, “त्याच्यासमोर कोण?” आणि नाव कळले रे कळले की दोन तट पडतात. एक म्हणतो, “छे! हा काय टिकतो? दोन मिनिटांत आभाळ बघेल.” दुसरा म्हणतो, “तू बघच. ह्याच्या छातीत किती दम आहे ते तुला नाही ठाऊक.” चहा निवतो, पण वाद निवत नाही.

हा वाद काही आपल्याच मुलखातला नाही. अमेरिकेत मुष्टियुद्धाचा अजिंक्यवीर रिंगणात उतरणार असला, म्हणजे तिकडचे शौकीनही असेच हमरीतुमरीवर येतात. आव्हानवीर खरोखर तोलामोलाचा आहे, की नुसता गल्ला भरण्यासाठी उभा केला आहे? तेव्हा आज आपण एवढेच पाहू, की हा वाद डोके शांत ठेवून कसा घालावा. त्याचा उपयोग शौकिनांना तर आहेच, पण फड भरवणाऱ्या पंचांना आणि शाळेत मुलांच्या कुस्त्या लावणाऱ्या गुरुजींना अधिक आहे.

आधी शब्दच पाहा. कुस्तीत समोरच्याला आपण शत्रू म्हणत नाही, ‘जोड’ म्हणतो. बैलाचीही जोडच असते. एक बैल ओढाळ आणि दुसरा बसका असला तर नांगर सरळ चालत नाही, आणि खांदे सोलवटतात ते दोघांचेही. कुस्तीचे तसेच आहे. जोड जुळली तर दोघांचीही विद्या लोकांना दिसते. जोड चुकली तर जिंकणाऱ्याचे नाव होत नाही, आणि हरणाऱ्याची मान मुरगळायची भीती असते ती वेगळीच.

आता ही जोड ठरवतो कोण? इथेच अर्धा वाद मिटतो. जत्रेच्या फडात जोड पंचमंडळी लावतात. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर, मग चढत्या इनामाच्या, आणि शेवटची मोठी कुस्ती आधीच बोलणी करून नेमलेली. धंदेवाईक मुष्टियुद्धात लढत जमवणारे व्यापारी असतात. तिकिटे किती खपतील हा त्यांचा पहिला हिशेब. म्हणून तिथल्या संघटना लढवय्यांची क्रमवारी लावतात, आणि ठराविक मुदतीत अजिंक्यवीराला नेमून दिलेल्या आव्हानवीराशी लढावेच लागते. ऑलिंपिकमध्ये मात्र पहिली जोड चिठ्ठीवर ठरते. तेव्हा कोणी म्हणाला, “मुद्दाम सोपा गडी दिलाय,” तर आधी विचारावे, “दिला कोणी? आणि त्यात त्याचा फायदा काय?” पंचांचा स्वार्थ कुठे अडकला आहे ते समजले, की नुरा कुस्तीचा संशय खरा की खोटा याचाही अंदाज येतो.

आता गड्याची पारख. तिच्या चार कसोट्या सांगतो.

पहिली कसोटी वजनाची. आपल्याकडे अजून पुष्कळ ठिकाणी नजरेनेच जोड लावतात. दोघांना शेजारी उभे करायचे, खांद्याला खांदा लागला की झाली जोड! पण नजर फसते. सध्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाईल कुस्तीत ५७ किलोपासून १२५ किलोपर्यंत सहा गट आहेत. हे गट कशासाठी? कसब सारखे असेल तर जड गडी हलक्याला नुसत्या भाराने दमवतो. खाली दाबून बसला की वरच्याला काही करावे लागत नाही, खालच्याचा श्वासच आखडतो.

मग हलक्या गड्याने भारी गड्यापुढे उभेच राहू नये का? तसे नव्हे. गामा पैलवान १९१० साली लंडनला गेला, तेव्हा त्याची उंची कमी म्हणून तिथल्या मंडळींनी त्याला दंगलीत घेतलेच नाही. त्यांच्या नजरेला ही जोडच वाटेना. गामाने उघड आव्हान दिले. अमेरिकेचा डॉक्टर रोलर पुढे आला, त्याला गामाने दोनदा पाडले. मग १० सप्टेंबर १९१० रोजी पोलंडचा झ्बिश्को समोर आला. वजनाने तो गामापेक्षा बराच भारी. पण लढत सुरू झाल्यावर तो बहुतेक वेळ गादीवर पालथा पडून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ गेला तरी निकाल लागला नाही. आठवड्याने पुन्हा कुस्ती ठेवली, तर झ्बिश्को आलाच नाही, आणि पट्टा गामाला मिळाला. म्हणजे वजन ही कसोटी खरी, पण एकटी पुरी पडत नाही.

दुसरी कसोटी, त्याने आजवर कोणाला पाडले? किती कुस्त्या मारल्या हे विचारू नका, कोणाशी मारल्या हे विचारा. वीस कुस्त्या नवशिक्यांशी मारणाऱ्यापेक्षा दोन कुस्त्या नामांकितांशी बरोबरीत सोडवणारा गडी अधिक कसाचा. रहीम बक्ष सुलतानीवाला हा गामापेक्षा उंचापुरा आणि वयानेही मोठा. गामा उमेदीत असताना त्याला रहीम बक्षला चीत करता आले नाही, कुस्ती बरोबरीत सुटली. पुढे विलायतेहून परतल्यावर अलाहाबादेला गामाने त्याच्यावर विजय मिळवला. आता सांगा, गामाला खरा जोड कोण? विलायतेचा पट्टा झ्बिश्कोच्या नावावर मिळाला खरा, पण कस लागला तो रहीम बक्षपुढे.

तिसरी कसोटी, मैदान कसले आणि नियम कोणते? मातीतला पैलवान गादीवर गेला की त्याचा पाय नव्याने शिकू लागतो. मातीत पकड धिमी बसते, निकाल लागेपर्यंत झुंजता येते. गादीवर वेळ मोजलेला आणि डावागणिक गुण मोजलेले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरले आणि सहावे आले. त्या वेळी कोणी म्हणाले असते, “हा काही मोठ्यांना जोड नाही.” पण माती सोडून गादीवर लढण्याची ती नवलाई होती. चार वर्षे त्यांनी त्या नियमांचा अभ्यास केला. जाण्याच्या खर्चासाठी गावोगाव वर्गणी झाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवले. आणि १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जपानच्या इशीने सुवर्णपदक नेले. त्याच्याशी झालेल्या लांबलेल्या कुस्तीनंतर पुरती विश्रांती न मिळताच खाशाबांना रशियाच्या मल्लाशी लढावे लागले. निकाल वाचताना असल्या गोष्टीही हिशेबात धरायच्या असतात.

चौथी कसोटी त्या दिवसाची. गडी तोच, पण दिवस तोच नसतो. माइक टायसन हा मुष्टियुद्धाचा अजिंक्यवीर. ३७ लढतींत एकही हरला नव्हता. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत त्याच्यासमोर बस्टर डग्लस उभा राहिला. पैजा लावणाऱ्यांनी डग्लसचा भाव बेचाळीसास एक असा ठेवला होता. कित्येकांनी तर पैज घेतलीच नाही. डग्लसची आई त्याआधी महिन्याभरातच वारली होती. पण तो तयारीने आला होता. आठव्या फेरीत टायसनने त्याला खाली पाडले, तो उठला, आणि दहाव्या फेरीत त्याने टायसनलाच आडवे केले. जगभरचे जाणकार तोंडात बोट घालून बसले. गंमत पुढेच आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात डग्लस होलीफिल्डपुढे तिसऱ्या फेरीत गारद झाला. टोकियोचा तोलामोलाचा गडी आठ महिन्यांत तसा राहिला नाही. उलट गामा आणि झ्बिश्को १९२८ साली पतियाळाला पुन्हा भेटले, तेव्हा दोघेही पन्नाशीला टेकलेले होते. या वेळी माती होती, आणि गामाने एका मिनिटाच्या आत झ्बिश्कोला चीत केले.

आणि हरला म्हणजे तो जोडच नव्हता, असेही समजू नये. १९७५ साली चक वेपनर नावाचा फारसे नाव नसलेला गडी महंमद अलीसमोर आला, तेव्हा लोक हसले होते. नवव्या फेरीत अली खाली बसला! वेपनर हरला, पण पंधराव्या फेरीची शेवटची काही सेकंदे उरेपर्यंत उभा होता. जो अजिंक्यवीराला सारी विद्या बाहेर काढायला लावतो, तो हरला तरी जोडच.

आता गुरुजनहो, थोडे आपल्या घरचे बोलू. मोठ्या पैलवानांची जोड चुकली तर लोक शिट्या मारतात आणि घरी जातात. पोरांची जोड चुकली तर एखादे पोर कायमचे आखाडा सोडते. आपल्या पाड्यांवरच्या मुलांचे अंग काटक. डोक्यावर मोळी घेऊन घाट चढणारे पोर दमाला हटत नाही. पण त्याचे वजन वयाच्या मानाने कमी असते. या मुलखाने कुपोषणाचे दिवस पाहिलेले आहेत, तेव्हा हे आपल्याला निराळे सांगायला नको. अशा पोरासमोर शहरी तालमीत दूध-बदामावर वाढलेला मुलगा केवळ ‘दोघेही आठवीतले’ म्हणून उभा करणे ही जोड नव्हे. ते पोर हरेल, आणि वर “आपली माणसं अशीच” असे ऐकून घेईल. कमी पडले ते त्याचे मन नव्हे, लावणाऱ्याचा काटा कमी पडला.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. कुस्त्यांच्या आदल्या दिवशी मुलांना काट्यावर उभे करावे. आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीत काटा असतो. वजनाच्या चढत्या क्रमाने नावे लिहावीत, आणि शेजारशेजारच्या नावांतून जोड्या काढाव्यात. दुसरे, मुलगा किती दिवस तालीम करतो हे नावापुढे लिहावे. दोन वर्षांच्या शिकलेल्यासमोर दोन आठवड्यांचा मुलगा देऊ नये, वजन सारखे असले तरी. तिसरे, लढायचे का, हे दोन्ही मुलांना विचारावे. लोकांच्या गलक्यात पोर नाही म्हणत नाही. म्हणून आदल्या दिवशी, बाजूला घेऊन विचारावे. नारळ मात्र दोघांनाही द्यावा.

फडात हेच मोठ्यांनाही लागू आहे. बाहेरचा नावाचा पैलवान आला, म्हणून त्याच्या तोंडी गावचे कोवळे पोर देऊ नये. जोड नसेल तर हात जोडून सांगावे, “पैलवान, औंदा तुमच्या तोडीचा गडी आमच्याकडे नाही. पुढच्या साली तयार करू.” यात गावाची नाचक्की नाही. आणि तयार करू म्हटले, की दुसऱ्या दिवसापासून माती खणायला घ्यावी. खाशाबांना चार वर्षे लागली होती. आपल्या पोरांनाही तेवढी द्यावीत.