देवाने टोचलेला कान

लोअर परळच्या एखाद्या चाळीत बारशानंतर कान टोचण्याचा बेत ठरतो, सोनार येऊन बसतो, आणि आईच्या मांडीवर आडव्या धरलेल्या बाळाच्या पाळीला तार लागण्यापूर्वीच घरातल्या आजीच्या नजरेस येते की, कानाची वरची कड जेथे गालाला मिळते तेथे टाचणीच्या टोकाएवढे एक छिद्र आधीपासूनच आहे. “देवानंच टोचून धाडलंय गं लेकराला!” असे ती कौतुकाने म्हणते आणि विषय मिटतो. बहुतेक बालकांच्या बाबतीत तो तेथे मिटल्याने काही बिघडत नाही. परंतु काही थोड्या घराण्यांत हे छिद्र म्हणजे कान, मान आणि मूत्रपिंड अशा तीन ठिकाणी नोंदलेल्या एका वारशाचे पहिले पान असते.

या वारशाला वैद्यकात ‘ब्रँकिओ-ओटो-रीनल’ लक्षणसमूह म्हणतात. १९७५ साली मेल्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पिता व त्याच्या सहा अपत्यांपैकी तिघे यांच्यात श्रवणदोष, कानाजवळची छिद्रे, मानेतील नलिका आणि मूत्रपिंडांची सदोष घडण एकत्र आढळल्याचे नोंदवले. सुमारे ४०,००० माणसांत एकाला हा विकार असावा, असा अंदाज आहे.

गैरसमज : कानाजवळचे छिद्र एक तर भाग्याची खूण, नाही तर भयंकर रोगाची.

वस्तुस्थिती : दोन्ही समजुती निराधार आहेत. असे छिद्र शेकडा एखाद्या निरोगी माणसालाही असते, आणि ते एकटेच असेल तर सहसा काळजीचे कारण नसते. मात्र त्याच्या जोडीला ऐकण्यातली उणीव, मानेवरचे छिद्र, कानाचा वेगळा आकार किंवा घरात कोणाचा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर तपास अवश्य करावा. ते छिद्र सुईने कोरू नये किंवा पिळू नये, कारण तसे केल्याने आत पू धरतो.

गैरसमज : आईने ग्रहणात विळी हाती धरली म्हणून असे झाले.

वस्तुस्थिती : गर्भाच्या चौथ्या आठवड्यात त्याच्या गळ्याशी कमानीसारखे उंचवटे उमटतात, त्यांपैकी पहिल्या दोहोंतून पुढे कानाची पाकळी व मधल्या कानातली हाडे घडतात, आणि पाचव्या आठवड्याच्या सुमारास मूत्रपिंडांचीही उभारणी सुरू होते. आठव्या गुणसूत्रावरील ‘ईवायए-१’ हे जनुक या तिन्ही कामांत लागते, आणि त्यात बिघाड असला की एकमेकांपासून इतकी दूर असलेली इंद्रिये एकदमच उणी राहू शकतात. १९९७ साली या जनुकाचा या विकाराशी असलेला संबंध उघड झाला. ज्या मातेने भाजी चिरल्याचा दोष वर्षानुवर्षे स्वतःच्या माथी घेतला, तिला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे की, बाई, यात तुझा काडीचाही अपराध नाही.

गैरसमज : आजोबा साच्यांच्या खडखडाटाने बहिरे झाले, नातवाचा त्याच्याशी काय संबंध?

वस्तुस्थिती : गिरणगावात ही समजूत स्वाभाविक आहे, कारण साचेखात्यात आयुष्य घालवलेल्या कित्येकांची श्रवणशक्ती गोंगाटाने खरोखरच गेली. परंतु आजोबांच्याही कानाजवळ तसेच छिद्र असेल, वडील लहानपणापासून एका कानाने कमी ऐकत असतील, आणि नातू “बापासारखाच उशिरा बोलेल” म्हणून घर स्वस्थ बसले असेल, तर दोष केवळ गिरणीच्या पदरी टाकून चालणार नाही. या विकाराच्या दहांपैकी नऊंहून अधिक रुग्णांना कमी ऐकू येते. आईकडे किंवा वडिलांकडे, कोणाकडेही दोष असला तरी प्रत्येक गर्भारपणात तो मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते, मग मूल मुलगा असो वा मुलगी. त्यासाठी नात्यातले लग्न असावे लागत नाही. क्वचित हा दोष घरात प्रथमच उद्भवतो. शिवाय एकाच घरात एकाला नुसते छिद्र, दुसऱ्याला बहिरेपण आणि तिसऱ्याला एकच मूत्रपिंड, असा भेद पडतो, म्हणूनच नात्याची खूण पटायला वेळ लागतो.

गैरसमज : मानेतून पाणी झिरपते म्हणजे क्षयाची गंडमाळच.

वस्तुस्थिती : गळ्याच्या खालच्या भागात, मानेच्या तिरप्या स्नायूच्या पुढच्या कडेला जन्मापासून बारीक छिद्र असून त्यातून चिकट थेंब येत असेल, तर ती बहुधा गर्भावस्थेत न मिटलेली नलिका असते. क्षयाची खातरजमा करावी, पण तिच्यावाचून क्षयाची औषधे सुरू करू नयेत. कारण स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे कान आणि मूत्रपिंड या दोघांवरही घाला घालू शकतात. नलिकेवरचा उपाय म्हणजे ती मुळापर्यंत काढणे. वरवर चिरून मलमपट्टी केल्याने ती पुन्हा वाहू लागते.

गैरसमज : लघवी साफ होते, म्हणजे मूत्रपिंडे धड आहेत.

वस्तुस्थिती : एक मूत्रपिंड जन्मतःच नसले किंवा लहान राहिले, तरी दुसरे मुकाट्याने सारा भार वाहते, आणि लघवीतच नव्हे, रक्ताच्या तपासणीतही पुष्कळदा काही दिसत नाही. तपासणी केल्यास या विकाराच्या सुमारे दोनतृतीयांश रुग्णांत मूत्रपिंडांची घडण सदोष आढळते. म्हणून एकदा सोनोग्राफी, आणि दोष दिसल्यास रक्तदाब व लघवीतील प्रथिने यांची नियमित नोंद, इतके तरी व्हावे. जनुकतपासणीत काही न सापडले म्हणून विकार नाही, असेही समजू नये. अशा रुग्णांपैकी सुमारे ४० टक्क्यांमध्येच ‘ईवायए-१’मधील बदल हाती लागतो.

परळला १९२६ पासून केईएम आणि १९२९ पासून मुलांचे वाडिया रुग्णालय आहे, वांद्र्यास १९८३ पासून श्रवणदोषासाठी अली यावर जंग संस्था आहे. लोअर परळच्या माणसाला दूर जावे लागत नाही. अडते ते एवढ्यावरच की, कान एका विभागात, गळा दुसऱ्यात आणि मूत्रपिंड तिसऱ्यात दाखवले जाते, आणि तिन्ही कागद एका पिशवीत असूनही शेजारी शेजारी ठेवून वाचले जात नाहीत. ते काम घरच्यांनी करावे : कोणाला काय होते हे तीन पिढ्यांपर्यंत एका कागदावर लिहावे, आणि तो प्रत्येक डॉक्टरापुढे ठेवावा. बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात झाली आणि दोष ठरल्यावर सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू झाला, तर बोलण्याची वाट मोकळी होते.

तेव्हा पुढच्या वेळी बाळाच्या कानाशी ते छिद्र दिसले, तर आजीने कौतुक जरूर करावे. फक्त सोनाराची तार क्षणभर थांबवून बाळाच्या बापाचाही कान उजेडाकडे वळवून पाहावा.