निवड झालेल्यांचा रकाना

पहाटे ४.४५

मार्च लागला की भिलाईत सरावाची वेळ अलीकडे आणावी लागते. साडेआठनंतर सिमेंटचं कोर्ट तापतं, आणि माझ्या निम्म्या मुलींच्या बुटांचे तळवे असून नसल्यासारखे. चहा टाकते तोवर बाबा उठून बसलेले असतात. भंडाऱ्याहून इथल्या पोलाद कारखान्यात नोकरीला आले, निवृत्तही झाले, पण फर्स्ट शिफ्टची जाग काही सुटली नाही. "निघून राहिली का?" एवढंच विचारतात. कॅम्प-१च्या गल्लीतून या वेळी सायकली आणि मोटरसायकली पॉवर हाऊसकडे, रेल्वेलाइनीपलीकडच्या कारखान्याकडे चाललेल्या असतात. मी त्यांच्या उलट दिशेला.

५.३०

कोर्ट शाळेचं आहे. एका बाजूची रिंग किंचित वाकलेली. आमच्या मुलींना तिची सवय झाली आहे. बाहेरचा संघ आला की त्यांचे लेअप चुकतात. हा फायदा मी कुणाला बोलून दाखवत नाही.

मुलींना मी जर्सीच्या नंबरानेच हाक मारते. सात नंबर बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, शाळेत असल्यापासून माझ्याकडे येते. उंची पाच फूट दोन इंच. दुर्गच्या हेमचंद यादव विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळून आली. चौदा नंबर गेल्या वर्षी आली, जशपूरकडची, इथे मावशीकडे राहते. पाच फूट अकरा, आणि अजून वाढतेय. ती पहिल्यांदा कोर्टावर उभी राहिली तेव्हा तिला दोन्ही पायांचं पिव्हट म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, तरी बघायला आलेल्या प्रत्येकाने तिचंच नाव विचारलं होतं.

आज 'बॉक्स आऊट' घेतलं. शॉट सुटला की चेंडूकडे बघायचं नाही. आधी आपली प्रतिस्पर्धी शोधायची, तिच्याकडे पाठ करायची, गुडघे वाकवून तिला रिंगपासून दूर रेटून धरायचं आणि मग चेंडूचा विचार. हे काम कंटाळवाणं, अंगावर येणारं आणि कुठेही न नोंदलं जाणारं. सात नंबर त्यात पटाईत. आपल्यापेक्षा हातभर उंच मुलीला ती कमरेने असं अडवून ठेवते की चेंडू आरामात चौदा नंबरच्या हातात येतो. स्कोअरशीटवर रिबाउंड चौदाच्या नावावर. तिथे चूक काहीच नाही, चेंडू तिनेच धरला. पण आज दिवसभर माझ्या डोक्यात जे चाललं आहे त्याची सुरुवात इथे होते.

७.४५

घरी. पोहे, आंघोळ, बाबांच्या गोळ्या, शाळा.

१०.२०

स्टाफरूममध्ये टेबलावर फॉर्म पडला होता. खेळाच्या साहित्यासाठी मदत हवी असेल तर मार्चअखेर भरून द्यायचा. केंद्राचं नाव, कोर्टाचं माप, खेळाडूंची संख्या, आणि मग सगळ्यात मोठा रकाना : गेल्या ५ वर्षांत राज्य संघ, रेल्वे, पोलीस किंवा व्यावसायिक लीगमध्ये निवड झालेले खेळाडू. केंद्राचं यश म्हणून तेवढंच विचारलं आहे.

आमच्या गणिताच्या सरांना तो रकाना अगदी रास्त वाटला. त्यांचा भाचा अटलांटाला असतो. त्याच्यामुळे सरांना अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलंय. तिकडे एन.एफ.एल.च्या ३२ संघांची स्वतःची शाळा नाही, खेळाडू घडवायचं काम विद्यापीठं करतात. दर एप्रिलमध्ये ड्राफ्ट होतो. हे संघ सात फेऱ्यांत पाळीपाळीने खेळाडू उचलतात, आणि गेल्या मोसमात तळाला राहिलेल्याला पहिली पाळी.

"हे बघा मॅडम," सर म्हणाले, "२०२२च्या जानेवारीत जॉर्जिया विद्यापीठ राष्ट्रीय विजेतं झालं, आणि त्याच एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये त्यांचे १५ जण उचलले गेले. सात फेऱ्यांच्या ड्राफ्टमधला विक्रम. पहिलं नावही त्यांचंच. २०२५ला ओहायो स्टेट जिंकलं, त्यांचे १४. आणखी काय पुरावा पाहिजे?"

पुरावा चांगलाच आहे. पण मलाही हा विषय थोडाफार माहीत आहे (सरांमुळेच, दुसरं कोण सांगणार). एन.एफ.एल.चा पहिला ड्राफ्ट १९३६ मध्ये फिलाडेल्फियाला झाला. त्यात सगळ्यात आधी घेतलेलं नाव जे बरवँगरचं. विद्यापीठीय फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन करंडकाचा हाच पहिला मानकरी, शिकागो विद्यापीठाचा. तो व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही. आणि त्याच्या विद्यापीठाच्या संघाला १९३९ मध्ये मिशिगनने ८५-० असं धुतलं, त्याच वर्षाअखेर विद्यापीठाने फुटबॉल बंदच करून टाकलं. ड्राफ्टच्या इतिहासातला पहिला खेळाडू ज्यांनी दिला, त्यांचा संघ चार वर्षांत नाहीसा.

"ते जुनं झालं," सर म्हणाले.

मग २००४ घ्या. मायामी विद्यापीठाचे सहा खेळाडू एकाच ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले. त्याच्या आधीच्या मोसमात विजेतेपद मायामीचं नव्हतं. उलट बॉइसी स्टेट २००७च्या पहिल्या तारखेला ओक्लाहोमाला ४३-४२ने हरवून अख्खा मोसम अपराजित राहिलं. ओक्लाहोमाकडे एड्रियन पीटरसन होता. त्या वर्षी तो पहिल्या फेरीत सातवा उचलला गेला, बॉइसीचा पहिल्या फेरीत एकही नाही. सर हसले आणि म्हणाले, "अपवाद." तास झाला म्हणून वाद तिथेच राहिला.

१२.१५

आठवीचा पी.टी.चा तास. उन्हामुळे वर्गातच बुद्धिबळ.

१.३०

डबा खाताना फॉर्म पुन्हा पुढे घेतला. सरांना मी जे बोलले नाही ते असं की, अमेरिकेचं उदाहरण आपल्याला फार तर अर्ध्या वाटेपर्यंत नेतं. तिथे ड्राफ्टमध्ये उचललेला खेळाडू विद्यापीठातून निघून जातो आणि परत त्याच विद्यापीठाविरुद्ध कधी उभा राहत नाही. आपल्याकडे राहतो.

भिलाईत मुलींच्या बास्केटबॉलची परंपरा उभी राहिली ती राजेश पटेल सरांमुळे. कारखान्याच्या आधाराने, पंत स्टेडियमच्या कोर्टावर त्यांनी पिढ्या घडवल्या. सीमा सिंग, अंजू लाकडा अशा मुली इथून भारताच्या संघात गेल्या. सर २०१८ मध्ये गेले. आजही इथे कुणी मुलगी चांगला हुक शॉट मारते तेव्हा एखादा म्हातारा प्रेक्षक त्यांचं नाव काढतोच. आता गंमत बघा. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत रेल्वे राज्यांच्या बरोबरीने स्वतंत्र संघ म्हणून उतरते, आणि वरिष्ठ महिलांत कित्येक वर्षं तिचंच वर्चस्व. रेल्वेची नर्सरी कुठली? राज्यांची कोर्टं. म्हणजे आपली सर्वांत चांगली मुलगी निवडली जाते, आपण पेढे वाटतो, आणि पुढच्या स्पर्धेत तीच आपल्या झोनच्या मधोमध घुसून आपल्याला बाहेर काढते. तिला आपल्या झोनमधली फट कुठे ते आपणच शिकवलेलं असतं! नॅशनल गेम्समध्ये रेल्वेचा संघ नसतो, तिथे चित्र जरा वेगळं दिसतं. पण एरवी निवड झालेल्यांचा रकाना जितका भरतो, तितका जिंकलेल्या सामन्यांचा रिकामा होतो.

खो-खोत महाराष्ट्राचं हेच दुखणं आहे. पुरुषांच्या अंतिम सामन्यात समोर रेल्वे, आणि रेल्वेच्या बाजूलाही मराठी पोरं. कबड्डीत प्रो लीग २०१४ला सुरू झाली तेव्हापासून लिलावात महाराष्ट्राची नावं दरवर्षी असतात. पण २०१८च्या जानेवारीत रिशांक देवाडिगाच्या संघाने हैदराबादला सेनादलाला हरवलं, तेव्हा वरिष्ठ पुरुषांचं राष्ट्रीय विजेतेपद ११ वर्षांनी परत आलं होतं.

२.३०

फॉर्म भरायला घेतला. 'व्यावसायिक लीग' समोर शून्य लिहिलं आणि राग आला. मुलींसाठी टिकलेली व्यावसायिक बास्केटबॉल लीग देशात नाही, मग शून्याखेरीज लिहिणार काय? अल्टिमेट खो-खोने २०२२ मध्ये रीतसर ड्राफ्ट घेतला, पण लीग पुरुषांची. तेलुगू योद्धाजचा कर्णधार प्रतीक वाईकर पुढे जानेवारी २०२५ मध्ये पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचा कर्णधार झाला आणि जिंकला. त्याच आठवड्यात, त्याच दिल्लीत, प्रियांका इंगळेच्या महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. दोघंही पुण्याकडचे. 'व्यावसायिक लीग'च्या या ओळीच्या हिशेबाने प्रतीकला घडवणाऱ्यांना एक गुण, प्रियांकाला घडवणाऱ्यांना भोपळा.

आणि श्रेय नेमकं कुणाच्या खात्यावर? पूनम चतुर्वेदी कानपूरची, जवळजवळ सात फूट उंच, खेळ शिकायला भिलाईला आली आणि भारताकडून खेळली. तिला शिकवलं भिलाईने. पण ती उंची भिलाईने शिकवलेली नाही. अमेरिकेत फुटबॉलपटू जो बरोचं असंच. तीन वर्षं ओहायो स्टेटमध्ये, मग लुइझियाना स्टेट विद्यापीठात (एल.एस.यू.), तिथे विजेतेपद आणि २०२०च्या ड्राफ्टमध्ये पहिला. जमाखाती नाव एल.एस.यू.चं. आमची चौदा नंबर उद्या निवडली गेली तर मी एका वर्षात घडवलेली खेळाडू म्हणून तिचं नाव दिमाखात लिहीन. इतक्या वर्षांची सात नंबर मात्र कुठल्याही रकान्यात बसणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे. निवड होते ती निवडणाऱ्याच्या गरजेने. त्याच्याकडे रिंगजवळ खेळणाऱ्या सेंटर कमी असतील तर तो उंची घेतो, जागाच नसेल तर कुणालाच घेत नाही. त्यावरून केंद्रात काय शिकवलं जातं ते कळत नाही. आकडा लिहिला. शेवटी 'इतर माहिती'च्या दोन ओळी होत्या, त्या पुरेनात म्हणून वेगळा कागद जोडला : कोण कुठून आली, आली तेव्हा काय येत होतं, किती वर्षं टिकली, कोण अजून खेळते. ऑफिसातले बाबू म्हणाले, "मॅडम, ये कौन पढ़ेगा?" खरं आहे. तरी स्टेपल केला.

५.००

संध्याकाळी छोट्या मुलींची बॅच. आज वेगळाच गोंधळ. माझी एक जुनी विद्यार्थिनी रेल्वेत आहे, ती सुटीवर घरी आली होती आणि सरळ कोर्टावर आली. निळा ट्रॅकसूट. पाठीवर नाव. पोरी तिच्याभोवती अशा जमल्या की मला शिट्टी वाजवावी लागली. एकीने तिच्या बुटांना हात लावून पाहिला. दुसरीने पगार विचारला, आणि तिने तो सांगितलासुद्धा.

दुपारचा माझा कागद मला इथे थोडा तोकडा वाटला. कॅम्पातल्या घरांत मुलीला पहाटे बाहेर पाठवायचं तर बापाला कारण लागतं. फिटनेस, शिस्त, सांघिक भावना या गोष्टी मी पालकसभेत घसा कोरडा होईपर्यंत सांगते, पण नवीन मुली येतात त्या हा ट्रॅकसूट बघून. उद्या सकाळी किमान दोन जास्त येतील. जॉर्जियाकडेही असंच होत असणार : १५ जण उचलले गेले हे बघून पुढची चांगली पोरं त्यांच्याकडे जातात, म्हणून ते पुन्हा जिंकतात, म्हणून पुन्हा उचलले जातात. सरांचा पुरावा खोटा नव्हता. पण तो आकडा दुकानाच्या पाटीसारखा आहे, आतला माल कसा ते पाटी सांगत नाही.

ती आल्याचं ऐकून आलेल्या मोठ्या मुलींबरोबर रेल्वेवाली दोन डाव खेळली. तिने चौदाला दोनदा सहज चुकवलं. तिसऱ्यांदा सात नंबर मध्ये आली, छातीवर धक्का घेतला आणि चार्जिंग काढलं. मी फाऊल दिला. रेल्वेवाली हसली. "अजून तशीच आहे ही!"

७.००

चेंडू मोजून पेटीत. ती जाता जाता म्हणाली, "मॅडम, चौदाची उंची नक्की किती?"

"पाच अकरा. पण तू सातला बघितलंस ना?"

"बघितलं. माझ्या मते आजची सगळ्यात चांगली तीच. पण सध्या आमच्याकडे सेंटरची गरज आहे. गार्ड भरलेल्या आहेत." मग थोडं थांबून, "वय काय तिचं?"

वय विचारलं कारण खेळ कोट्याला १८ ते २५ची अट आहे. सातच्या हाताशी अजून काही वर्षं आहेत. गार्डची जागा त्यांत निघेलही. तेव्हा समोर कुठली मुलगी उभी असेल कोण जाणे. ट्रायलला मी पाठवणार आहे दोघींना. कुणाला घेतील याबद्दल मला शंका नाही.

८.१५

सर्क्युलर मार्केटला भाजी. सात नंबरच्या वडिलांचा ठेला तिथेच लागतो. भेंडी तोलताना त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "मैडम, नौकरी लगेगी ना?"

यांना गोड बोलून वाटेला लावायचं नाही हे मी केव्हाच ठरवलेलं आहे. रेल्वेचं जसं आहे तसं सांगितलं : जागा उंच मुलीची आहे, तुमच्या मुलीसाठी थांबावं लागेल, आणि थांबूनही मिळेल असं नाही. त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाचे टोमॅटो तोलले, पैसे घेतले, सुटे दिले. मग म्हणाले, ती रात्री घरी मोहल्ल्यातल्या छोट्या पोरींना अंगणात उभं करून काहीतरी शिकवत असते, गुडघे वाकवा, पाठ लावा, असं. शेजारी तक्रार करतात.

"करू दे," मी म्हटलं.

"आपकी तरह मास्टरनी बनने के लिए क्या करना पड़ता है?"

बी.पी.एड., मी सांगितलं. बी.ए. झाल्यावर. त्यांनी ठेल्याच्या गल्ल्यातून बॉलपेन काढलं आणि सगळं लिहून द्यायला जुन्या बिलाचा कोरा भाग माझ्यापुढे केला. फी किती, फॉर्म कधी निघतो, दुर्गला होतं की रायपूरला जावं लागतं, हॉस्टेल असतं का. फीचा नक्की आकडा मला सांगता आला नाही. उद्या शाळेतून फोन करून विचारते म्हटलं.