एका आढ्याखाली अनेक चुली

रचना : वरंध घाटाच्या पायथ्याशी, महाड-पोलादपूरच्या टापूतील जुन्या घरात पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर व परसू असा सामान्य क्रम असे.

वाटणी : बंधू विभक्त होऊन फारखत (विभक्त झाल्याचा लेख) लिहिली गेली, म्हणजे बहुधा माजघरातच कारवीचा कूड घालून त्यावर शेणमातीचा गिलावा चढे, प्रत्येक तक्षीमदारास (हिस्सेदारास) स्वतंत्र चूल व दार मिळे, आणि आढे, देवघर व विहीर मात्र सामाईक राहत.

छप्पर : बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास कारखाना काढल्यावर मंगलोरी कौल पुढे कोकणात रुळले.

हक्क : हिंदू वारसा कायद्यातील २००५च्या दुरुस्तीने सहदायिक मिळकतीत कन्येचा हिस्सा पुत्राइतकाच झाला.

असे वाटलेले घर पाडण्यापूर्वी कोणाचा हिस्सा कोठवर हे कळण्यासाठी वाटणीपत्र व तुळयांवरील जुन्या खाचा अवश्य ताडून पाहाव्यात.