व्यवसाय कर : दोन प्रमाणपत्रे, दोन दायित्वे

प्राप्तिकर केंद्र शासनाचा; राज्याचा आपल्यावरील कर तो १९७५ च्या अधिनियमान्वये आकारला जाणारा व्यवसाय कर. बुलढाणा जिल्ह्यातील अनेक वैद्यबंधू स्वतःच्या नावनोंदणी प्रमाणपत्रावर ३० जूनपर्यंत वार्षिक २,५०० रुपये भरून निश्चिंत होतात. आम्हीही झालो होतो. परंतु औषधालयात दरमहा ७,५०० रुपयांहून अधिक वेतनाचा एक जरी पुरुष नोकर असला, तरी मालकास निराळे नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागते (नावे इतकी सारखी का ठेवली, कोण जाणे!). वेतनातून न कापलेला कर व्याजासह मालकाच्याच माथी येतो, आमच्या आला. स्त्री-कर्मचाऱ्यांस एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक वेतनावर सूट आहे. वयाची ६५ वर्षे पूर्ण केलेल्या वैद्यांस हा कर माफ आहे. नोकरांच्या कपातीचे दायित्व मात्र त्यांनाही सुटत नाही.